सकाळी बांधा, रात्री सोडा

१९९५ सालच्या जानेवारीतला एक सोमवार. जखमेचं माप: लांबी साडेपाच सेंटिमीटर, रुंदी चार. जागा: डाव्या पायाचा घोटा, आतली बाजू. हजर चार जण: डॉक्टरबेन, मी, लूम चालवणारा हिरामण, आणि दाराबाहेर, उंबरठ्यालाही पाय न लावता उभा असलेला त्याचा खोलीतला सोबती सुकदेव.

मी तेव्हा सुरतेत उधना भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखम धुणारा, पट्टी बांधणारा माणूस. ताज्या जखमा आमच्याकडे कमी यायच्या. त्यांना मोठी इस्पितळं होती. आमच्याकडे यायच्या त्या जुन्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या. अशी जखम नुसती बांधून भरत नाही. ती का झाली आणि का भरत नाही, हे रोग्याला कळावं लागतं, कारण आठवड्यातला एक तास ती माझ्या हातात असते आणि बाकी सगळा वेळ त्याच्या. डॉक्टरबेन गुजराती, रोगी निम्म्याहून जास्त खानदेशातले. म्हणून समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी मूळचा अमळनेरकडचा.

हिरामणने पाय स्टुलावर ठेवला. पट्टी होती चकचकीत जांभळ्या कापडाची, वर सोनेरी बुट्टे. साडीचा तुकडा, कोराकरकरीत.

"हे कशाला बांधलंस?" मी विचारलं.

"नवं शे ना भाऊ. साफ कपडा शे."

ही सुरतेची खास चूक. बाहेरगावी लोक जखमेला जुनं धोतर, जुनं लुगडं फाडून बांधतात. सुरतेच्या कामगाराच्या घरी कापडाला तोटा नाही. चिंधी फुकट मिळते, आणि तीही नवी. पण ते सगळं पॉलिस्टर. मी वाटीत पाणी घेतलं आणि दोन थेंब त्याच्या जांभळ्या तुकड्यावर टाकले. थेंब घरंगळले आणि जमिनीवर पडले. मग दोन थेंब माझ्या धुतलेल्या सुती पट्टीवर टाकले. तिने ते पिऊन टाकले.

"जखमेचं पाणी कुठं जाणार सांग?"

हिरामणने खाली जमिनीवरच्या थेंबांकडे पाहिलं. जखमेच्या कडेची कातडी त्या साचलेल्या पाण्यानेच पांढरी पडून सुटायला लागली होती, आणि वास येत होता तोही त्यामुळेच.

तेवढ्यात दारातून सुकदेव बोलला, "भाऊ, कपडाना सोडा. याले सांगा, आते गावले जाय. खोलीमा आठ जण ऱ्हातस. एकले व्हयनं ते आठले व्हई."

"मन्हा पाय सडी ऱ्हायना, तुन्ही जीभ कसाले सडस?" हिरामण म्हणाला.

सुकदेवला वाईट माणूस म्हणता येणार नाही. आदल्या वर्षी सुरतेत प्लेग झाला होता. स्टेशनवर माणसं एकमेकांच्या अंगावरून चढून पळाली, ती त्याने पाहिली होती. त्यानंतर कुणी खोकलं तरी लोक सरकून बसायचे. हिरामणच्या पायाला खोलीतल्यांनी महारोग ठरवून टाकलं होतं. दिवाळीपासून त्याचं अंथरूण बाहेर गॅलरीत गेलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी जातात, तेव्हा यानेही जावं आणि जखम सुकल्याशिवाय परत या खोलीत येऊ नये, असा सातांचा निर्णय झाला होता. खोली गेली की सुरत गेली. दुसरी खोली त्या पायाला कोण देणार? आणि गावी त्याच्या वाट्याला काम नव्हतं. होतं ते दोन भावांना पुरत नव्हतं.

डॉक्टरबेननी हिरामणला डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात करून ती पायावर ठिकठिकाणी टेकवली. "अंगठा. करंगळी. आते टाच," तो बरोबर सांगत गेला. मग पायाच्या वरच्या बाजूची नाडी पाहिली; ती चांगली लागत होती. लघवीत साखर नव्हती. पिंढरीवर मात्र गांडुळं चिकटवावीत तशा शिरा फुगलेल्या होत्या.

"आ रक्तपित्त नथी," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "होत तो पण दवा छे, मटे छे. कोईने बहार सुवाडवानुं कारण नथी." मी ते मराठीत सांगितलं: हा महारोग नाही, असता तरी औषधाने बरा होतो, कुणाला बाहेर झोपवायचं कारण नाही.

"कापूसवर काय भरोसा?" सुकदेव म्हणाला आणि जिना उतरून गेला.

आता जखमेचं कारण. वाचकांपैकी ज्यांना दिवसभर उभं राहावं लागतं, त्यांनी हे जरा लक्ष देऊन वाचावं. हृदय रक्त पायाकडे ढकलतं ते सोपं, उतार आहे. पायातून वर न्यायचं ते कठीण. शिरांच्या आत ठरावीक अंतरावर पडदे असतात. रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. हिरामणला मी विचारलं, "गावी विहिरीवर इंजिन आहे?"

"शे."

"फुटव्हॉल गेला की काय होतं?"

"पानी वर येस अन् परत हेरमा जास." हेर म्हणजे विहीर.

"तुझ्या पायाचा फुटव्हॉल गेलाय. रक्त वर जातं, परत खाली येतं, घोट्यापाशी तुंबतं. तुंबलं की कातडी काळी पडते, कडक होते. मग डास चावला, खाजवलं, तरी तिथं भोक पडतं आणि बुजत नाही."

हिरामण म्हणाला, "म्हनजे मन्हा वाशर गया."

"वॉशरच गेला. आणि पंप म्हणजे तुझी पिंढरी. चाललास की पंप चालतो. एका जागी उभा राहिलास की बंद."

लूमवर पाळी बारा तासांची. दोन्ही बाजूंना मशिनं, मधल्या बोळात माणूस. धागा तुटला की जोडायचा, कांडी संपली की बदलायची. बसायला काही नसतं, कारण बसलेला माणूस झोपतो अशी मालकांची समजूत.

उपाय जुना आहे आणि साधा आहे. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत ताणाची पट्टी बांधायची; खाली जास्त घट्ट, वर जाताना कमी. बाहेरून दाब आला की फुगलेल्या शिरा दबतात आणि गळका पडदा काही प्रमाणात काम करतो. झोपताना पाय उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा वर. कामात उभं राहावं लागलं तर टाचा वर-खाली करायच्या. जखम मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची. वर काहीही टाकायचं नाही. हे शेवटचं मी प्रत्येकाला दोनदा सांगायचो, कारण लोक काय काय टाकतात ते ऐकाल तर थक्क व्हाल. एकाने टॉर्चच्या सेलमधली काळी पूड भरली होती. साडीच्या दुकानातला एक गृहस्थ जंतुनाशक पाण्यात न मिसळता थेट ओतायचा आणि वर अभिमानाने सांगायचा, "आग आग होते भाऊ, म्हणजे काम करतंय." काम करत होतं, पण नव्या कातडीवर. आणखी एक समजूत अशी, की जखम वाहती ठेवावी. बुजली तर रोग आत जातो. असल्या समजुतीला हसून उपयोग नाही. ज्याच्या आजोबांनी ती सांगितलेली असते, त्याला तुम्ही आजोबांना हसल्यासारखं वाटतं.

आमचं एक छापील पत्रक होतं, मराठी आणि गुजराती. त्यात पट्टीबद्दल ठळक अक्षरांत ओळ होती: सकाळी उठल्याबरोबर बांधा, रात्री झोपताना सोडा. हिरामण सातवी शिकलेला. त्याने ती ओळ माझ्यासमोर वाचून दाखवली.

दर सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो यायचा. साड्यांच्या पॅकिंगची पारदर्शक पिशवी जखमेवर ठेवून मी कडेने पेनाने रेघ मारायचो आणि ते चित्र चौकटीच्या कागदावर ठेवून चौकटी मोजायचो. टेपने पिंढरीचा घेरही मोजायचो. पहिल्या आठवड्यात सूज एकदम उतरली, जखमेला तांबडा चांगला रंग आला. दुसऱ्या आठवड्यात पाय पुन्हा भोपळ्यासारखा. तिसऱ्या आठवड्यात चांगला. चौथ्या आठवड्यात वाईट. औषध तेच, माणूस तोच, पट्टी तीच.

"तू बांधत नाहीस," मी म्हणालो.

"आईनी आन भाऊ, बांधस."

"मग सैल बांधत असशील."

"तुम्हीच बांधी दाखाडी, तशीच बांधस."

डॉक्टरबेननी त्याच्या औषधांत बदल केला. पाण्यात काही आहे का, खाण्यात काही आहे का, सगळं विचारून झालं. फेब्रुवारी संपत आला. एकदा तर त्या म्हणाल्या, याला मोठ्या इस्पितळात पाठवू, कातडी लावायचं बघतील. हिरामणचा चेहरा उतरला. दाखल व्हायचं म्हणजे काम बंद, आणि काम बंद म्हणजे खोलीतल्यांना आखाजीपर्यंतही थांबायची गरज नाही.

मी म्हणालो, पाठवण्याआधी एकदा घरी जाऊन बघतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी सायकलवरून डिंडोलीला गेलो.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली. गॅलरीत, पत्र्याच्या सावलीत, हिरामण गाढ झोपला होता. बाजूला पोरं गोट्या खेळत होती, खाली रॉकेलवाला ओरडत होता, पण रात्रपाळीच्या माणसाला झोप लागली की लागली. चादरीतून डावा पाय बाहेर आलेला. त्यावर पट्टी बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत, एकावर एक अर्धी चढत गेलेली, कुठंही कातडी उघडी नाही. पायाखाली चिंध्यांचं गाठोडं. पुस्तकात चित्र छापावं तसं. मला बरं वाटलं, आणि त्याच्यावर संशय घेतल्याचं थोडं ओशाळंही वाटलं.

खोलीत सुकदेव स्टोव्हवर भाकरी भाजत होता. त्याचीही त्या आठवड्यात रात्रपाळी. मला पाहून म्हणाला, "या भाऊ. नवरदेव देखाले उना का?"

"कोण नवरदेव?"

"हाऊ ना. झोपाले सजस. कामले जाताना सारं सोडी ठेवस डब्बामा."

मी तिथंच दारात उभा राहिलो. "कामावर जाताना सोडतो?"

"रोज. घडी करीसन. पूजाना सामान ठेवस तसा."

मी हिरामणला उठवलं. तो डोळे चोळत बसला. "अरे, तू पट्टी बांधून झोपतोस आणि सोडून कामावर जातोस?"

"तुम्हीच सांगं ना? पेपरमा बी तेच शे. सकायले बांधस. रातले सोडस."

एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. दिवसपाळीत तो सकाळी बांधून कामावर जायचा आणि रात्री सोडून झोपायचा, पाय उतरायचा. रात्रपाळीत सकाळी घरी येऊन, झोपण्याआधी, मन लावून बांधायचा, आणि रात्री कामाला निघताना सोडून, घडी करून, डब्यात ठेवायचा. बारा तास उघड्या पायाने उभा. माझा शब्द त्याने एकदाही मोडला नव्हता.

"हिरामण, तुला वाटलं नाही का, की झोपताना कशाला?"

"वाटनं. पन तुम्ही शिकेल मानूस."

सुकदेव तव्यावरची भाकरी उलटायची विसरला होता. मग तो असा हसायला लागला, की खाली रॉकेलवाल्याने वर पाहिलं. "भाऊ, तुमना दवाखाना काय फक्त दिनपाळीना शे?"

मीही हसलो. दुसरं काय करणार? संध्याकाळी डॉक्टरबेनना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. त्यांनी पत्रकांचा गठ्ठा काढून विचारलं, "आपल्याकडे रात्रपाळीवाले किती?" मी म्हणालो, "निम्मे तरी." उरलेल्या पत्रकांवर ती ओळ आम्ही दोघांनी हाताने खोडली आणि खाली लिहिलं: उभं राहण्याआधी बांधा, आडवं झाल्यावर सोडा. घड्याळाचा उल्लेख आमच्या कुठल्याही सूचनेत त्यानंतर आला नाही. पुढे बारडोलीच्या बाजूची, उसात काम करणारी एक मधुमेहाची बाई आली. तळव्यात काटा जाऊन जखम झाली होती आणि दुखत नव्हती म्हणून ती आधी आली नव्हती. अशा जखमेत न दुखणं हेच भयंकर असतं. रोज तळवा बघ, असं तिला पूर्वी कुठंतरी सांगितलेलं होतं. तिला वाकता येत नव्हतं आणि घरात आरसा होता तो भिंतीत वर पक्का बसवलेला. तिची दोन बोटं काढावी लागली. सांगणं आणि पोचणं यांत एवढं अंतर असतं.

हिरामणचा पाय आता दोन्ही आठवड्यांत उतरायला लागला. पण रात्रपाळीला निघताना, अंधाऱ्या गॅलरीत, घाईत बांधलेली पट्टी सैल व्हायची. वरचा भाग घट्ट, खालचा ढिला, उलटंच. मी त्याला सोमवारी पुन्हा पुन्हा बांधून दाखवायचो. स्वतःच्या पायाला स्वतः सारखा ताण देणं खरंच अवघड असतं.

मार्चमधल्या एका सोमवारी तो आला आणि पट्टी पाहून मी थांबलो. कडा एका रेषेत. ताण खाली पक्का, वर हळूहळू कमी. मी बोट घालून पाहिलं. इतकी सारखी पट्टी मीसुद्धा रोज बांधत नव्हतो.

"कोणी बांधली?"

"सुकदेवनी."

"सुकदेवने? हात लावला?"

हिरामण हसला. सुकदेवचं काम लूमवर नव्हतं, तो ताण्याच्या खात्यात होता. हजारो उभे धागे एका मोठ्या रिळावर, म्हणजे बीमवर, सारख्या ताणाने गुंडाळायचे, हे त्याचं काम. एक धागा ढिला राहिला तर पुढे सगळ्या थानात रेघ पडते. तो रोज संध्याकाळी चपला घालताना हिरामणचं बांधणं बघायचा आणि शिव्या द्यायचा. शेवटी त्याच्याने बघवेना.

"काय म्हणाला?"

"म्हने, सरक, तुले ताण समजस नही. कापडाना सत्यानाश करी ऱ्हायना."

पहिल्या दिवशी त्याने हाताला प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या होत्या. पण पिशवीतून ताण कळेना, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी काढून टाकल्या. अंथरूण मात्र गॅलरीतच राहिलं. बांधणं वेगळं आणि शेजारी झोपणं वेगळं, असं त्याचं म्हणणं. मी एकदा त्याला गाठून महारोगाचं पुन्हा सांगायला लागलो, तर म्हणाला, "भाऊ, मी एकटा नही ना. सात जण शेतस. बुजू द्या. मंग बोलसू."

आखाजी आली तेव्हा जखम चिंचोक्याएवढी उरली होती. उरली होती, म्हणजे होती. सुरतेतून खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्या भरून गेल्या. हिरामणही गेला, सगळं सामान घेऊन. जाण्याआधी पट्टी धुवायला एक, बांधायला एक, अशा दोन मी त्याला दिल्या आणि सांगितलं, गावी लोक बसवून ठेवतील, पाय लटकत ठेवून बसू नको. चाल, नाहीतर आडवा हो. त्याने मान हलवली. परत येतो, असं तो म्हणाला नाही.

आखाजीनंतर कामगार सुरतेत लवकर परतत नाहीत. लग्नं असतात, पाहुणे असतात. पहिला सोमवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या सोमवारी माझ्या बाकावर डिंडोलीचे चार-पाच जण होते, हिरामण नव्हता. मी कुणाला विचारलं नाही. पाय पुन्हा फुटला असेल आणि तो गावीच राहिला असेल, असं मी धरून चाललो होतो. या कामात असं धरून चालायची सवय लागते.

त्याच्या पुढच्या सोमवारी, दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळी, दोघे आले. सुकदेव पुढे, उंबरठा ओलांडून थेट आत. "देखा भाऊ, आते देखा," म्हणत त्याने हिरामणचा पाय स्वतःच स्टुलावर ठेवला आणि पट्टी सोडली. गावी लग्नांच्या गर्दीतही रोज त्यानेच बांधली होती. दोघांची गावं दोन मैलांवर.

जखम बंद होती. वर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ गुलाबी कातडी. मी पिशवी ठेवली, पण रेघ मारायला काही नव्हतं. डॉक्टरबेन आल्या, बोटाने हलकेच दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "सरस. पण पाटो चालू. कायम."

"बुजनी ते मंग कसाले बांधाना?" सुकदेवने विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिरामणच बोलला, "जखम बुजनी. शिरा त्याच शेतस ना, येडा."

सुकदेवने शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. चाळमालकाला खोलीचं भाडं तोच गोळा करून द्यायचा. "जून लागी ऱ्हायना. तुन्हा वाटा काढ."

हिरामणने पन्नासाची एक आणि दहाच्या दोन नोटा त्याच्या हातावर ठेवल्या.

"पाच कमी शेतस."

"सत्तरच ऱ्हातस दर महिनाले."

"पंखाना पाच."

"मी कथा पंखाखाले झोपस?" कथा म्हणजे कुठं.

"मंग आते कथा झोपशी? उन्हाळामा गॅलरीत मरशी का?" सुकदेव माझ्याकडे न बघता म्हणाला. "जो आतमा झोपस त्याले पंखाना पैसा पडतस. सातजणनी सांगेल शे. काढ."

हिरामणने पाचाची नोट काढली. सुकदेवने पंच्याहत्तर रुपये मोजून खिशात घातले आणि पट्टीचं टोक हातात घेऊन पुन्हा बोटांपासून बांधायला सुरुवात केली.